महापालिकेच्या ६५व्या वर्धापन दिनाचं चांदीचं नाणं: ठरावात काय लिहावं, मंजुरी कुणाची?

बाळीवेस६४ (प्रश्न)

सोलापूर महापालिका १ मे १९६४ ला झाली, म्हणजे १ मे २०२९ ला ६५ वर्षं पूर्ण होतात. त्यानिमित्त चांदीचं स्मारक नाणं काढावं असा प्रस्ताव एका नागरिक समितीकडून जाणार आहे. ठरावाचा कच्चा मसुदा असा आहे:

"सोलापूर शहराच्या स्थापना दिनानिमित्त प्रत्येकी २० ग्रॅम वजनाची शुद्ध चांदीची १,००० नाणी पाडण्यास व त्यासाठी येणाऱ्या खर्चास मान्यता देण्यात येत आहे. नाण्याच्या एका बाजूस अशोकस्तंभ व ६५ रुपये हे मूल्य, दुसऱ्या बाजूस श्री सिद्धेश्वर मंदिर व चार हुतात्म्यांच्या प्रतिमा असाव्यात."

महासभेला असं नाणं मंजूर करता येतं का? नसेल तर कुठे जावं लागतं? चांदीचा भाव रोज बदलतो, मग निविदेत दर कसा मागवायचा? कारागिरीच्या अंगानेही मसुद्यात काही चुकत असेल तर सांगा.

---

राजपत्र

मसुद्यातल्या तीन शब्दांवर प्रस्ताव अडकेल: "नाणी", "अशोकस्तंभ" आणि "रुपये".

नाणं पाडण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारचा आहे. नाणे अधिनियम २०११ च्या व्याख्येत स्मारक नाणं स्पष्टपणे येतं: सरकारने किंवा सरकारने अधिकार दिलेल्या यंत्रणेने एखाद्या प्रसंगाच्या स्मरणार्थ पाडलेलं आणि भारतीय चलनात मूल्य असलेलं. मूल्य किती असावं, व्यास किती, धातू कोणता, हे कलम ४ खाली केंद्र ठरवतं आणि कमाल मूल्य एक हजार रुपये आहे. महासभाच काय, राज्य सरकारही यात काही करू शकत नाही. उलट पैसा म्हणून चालावेत असे धातूचे तुकडे पाडणं हा त्याच कायद्याखाली गुन्हा आहे. तुमच्या चकतीवर "६५ रुपये" कोरलं की "आम्ही फक्त आठवण म्हणून काढलं" हे सांगायला जागाच उरत नाही. रुपयाचं चिन्हही नको.

अशोकस्तंभासाठी २००५ चा वेगळा कायदा आहे. राजचिन्ह कुणी वापरायचं ते त्याखाली ठरलेलं आहे. विकायच्या वस्तूवर ते छापलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. महापालिकेचं स्वतःचं बोधचिन्ह आहे, ते वापरा. कुणी शिवाजी महाराजांची किंवा गांधीजींची प्रतिमा सुचवली तर १९५० चा चिन्हे व नावे यांच्या गैरवापराबद्दलचा कायदा आडवा येतो. व्यापारी वापरासाठी त्या प्रतिमा त्याच्या अनुसूचीत आहेत.

खरं नाणंच हवं असेल तर वाट अशी. प्रस्ताव महापालिकेकडून नगरविकास विभागामार्फत केंद्राच्या वित्त मंत्रालयात, आर्थिक व्यवहार विभागाकडे. तो मान्य झाला तर त्या एका नाण्यापुरते नियम भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होतात. त्यात मूल्य, आकार, बाह्य व्यास, कडेवरच्या दात्यांची संख्या, धातूचं प्रमाण आणि दोन्ही बाजूंचं वर्णन असतं. २०२३ च्या नव्या संसद भवनाच्या ७५ रुपयांच्या नाण्याचे नियम काढून वाचा, साचा कळेल: ४४ मिलीमीटर व्यास, ३५ ग्रॅम, २०० दाते, ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. म्हणजे ज्याला सगळे चांदीचं नाणं म्हणतात त्यात निम्मीच चांदी. ते मुंबई, कोलकाता, हैदराबाद किंवा नोएडा यांपैकी सरकारी टांकसाळीतच पडतं. मग ते टांकसाळ विकते, महापालिका नाही.

आणि ६५ हा आकडाच अवघड आहे. आतापर्यंतची स्मारक नाणी पाहिली तर बहुतेक ५०, ७५, १००, १२५, १५० अशा टप्प्यांची आहेत. २०३९ च्या अमृत महोत्सवासाठी आत्तापासून कागद जमवा. २०२९ साठी स्मृतिपदक काढा. वस्तू तीच, गोल, चांदीची, पेटीत घालून देण्याजोगी. फक्त त्यावर मूल्य नाही आणि कागदात "नाणे" हा शब्द नाही. त्याला महापालिकेची स्वतःची मंजुरी पुरते.

(गंमत म्हणजे स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणंही १९६४ चंच, नेहरूंचं. ते मात्र निकेलचं होतं.)

---

चकती_ठसा

कायद्याचं वर आलं, आता धातूचं.

२० ग्रॅम ठीक आहे, पण ठरावात नुसतं वजन लिहू नका, व्यासही लिहा. ९९९ चांदीची (हजारात ९९९ भाग शुद्ध) घनता १०.४९ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. ४० मिलीमीटर व्यासाला सरासरी जाडी साधारण दीड मिलीमीटर येते. व्यास लिहिला नाही तर कमी खर्चाचा ठसा म्हणून कुणी ३५ मिलीमीटरचं जाड ढेकूळ देईल, कुणी ४५ चं पत्र्यासारखं. ४४ मिलीमीटर आणि २०० दाते मुद्दाम टाळा, सरकारी नाण्याशी साम्य नको. कड साधी गुळगुळीत ठेवा.

चकत्या पत्र्यातून कापतात. ४० च्या चकतीसाठी ४२ मिलीमीटर रुंदीची पट्टी आणि ४१ चं अंतर धरलं तर पट्टीतला ७३ टक्के भागच चकतीत जातो. १,००० पदकांची २० किलो चांदी पदकात हवी असेल तर कारागिराला सुमारे साडेसत्तावीस किलोचा पत्रा फिरवावा लागतो. उरलेली छाट वितळून परत वापरात येते. म्हणून "घट" या नावाखाली कुणी मोठी टक्केवारी मागितली तर विचारा की छाट कुणाची? चांदी पुरवठादाराची असेल तर छाटही त्याचीच आणि घट तुमच्या बिलात येता कामा नये.

आता चित्र. दोन्ही बाजूंना मधोमध उंच उठाव ठेवला की पदक बिघडतं. दाबाखाली धातू दोन्ही ठशांत चढायला हवा, पण तेवढ्या जागेत तेवढा धातूच नसतो. मंदिराचं शिखर एका बाजूला नेमकं जिथे सर्वांत उंच, तिथेच मागे बोधचिन्हाचा मध्य उंच असेल तर शिखराचं टोक बोथट उतरतं आणि बोधचिन्हावर मऊ, घासल्यासारखा डाग दिसतो. गिऱ्हाईकाला वाटतं ठसा झिजला. ठसा नवाकोरा असतो, चूक आराखड्यात असते. शिखर मध्यापासून थोडं बाजूला घ्या, मंदिराभोवतालच्या तळ्याचं पाणी खाली आडव्या बारीक रेघांनी दाखवा, आणि मागच्या बाजूचा मध्य सपाट ठेवून तिथे मजकूर लिहा. ४० मिलीमीटरला साधारण १५० ते २०० टन दाब लागतो. उठाव जास्त हवा असेल तर एकदा ठोकून, तापवून मऊ करून पुन्हा ठोकावं लागतं, आणि त्या प्रत्येक फेरीची मजुरी वाढते.

चार हुतात्म्यांच्या प्रतिमा करू नका. मंदिर असलेल्या बाजूवर चार चेहरे बसवायचे म्हणजे एकेक जेमतेम आठ-नऊ मिलीमीटरचा. त्या मापात मल्लप्पा धनशेट्टी कोण आणि जगन्नाथ शिंदे कोण हे फेटा-टोपीवरून ओळखावं लागेल, आणि तसं झालं तर पदक निघण्याआधीच वाद निघेल. चौघांची नावं आणि १२ जानेवारी १९३१ ही त्यांच्या फाशीची तारीख मागच्या बाजूला स्वच्छ अक्षरांत घाला.

अक्षरांचा विषय सगळ्यांत दुर्लक्षित. "सोलापूर महानगरपालिका" म्हणजे बारा अक्षरं. १७ मिलीमीटर त्रिज्येच्या वरच्या अर्धवर्तुळात ती बसतात, प्रत्येकाला सुमारे चार मिलीमीटर मिळतात. पण देवनागरीचं अक्षर एकमजली नसतं. "पू" चा दीर्घ उकार खाली, "सो" ची मात्रा वर. मुख्य अक्षर दोन मिलीमीटर उंच ठेवलं तर उकाराच्या पोटातली पोकळी अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास येते. त्याहून लहान केलं की ती पोकळी भरते आणि "पू" च्या खाली नुसता ठिपका दिसतो. "सिद्धेश्वर" मधला "द्ध" तर आणखी लवकर बुजतो, म्हणून तो शब्द कडेवर नको, मध्ये मोठ्या अक्षरात घ्या. जाड फॉन्ट मागू नका, मध्यम जाडीचा आणि मोकळ्या पोटाचा घ्या.

आराखडा संगणकावर होतो तेव्हा दोन चुका ठरलेल्या. एक, जुन्या फॉन्टमधून मजकूर नेताना पहिली वेलांटी अक्षराच्या मागे सरकते. दोन, ठसा करणारा मराठी नसेल तर "सोलापूर" चं "सोलापुर" होतं. शिवाय ठसा उलटा असतो, त्यावर वाचून मंजुरी देऊ नका. शिशावर किंवा कथलावर नमुना मारून घ्या, भिंगाखाली वाचा आणि त्या नमुन्यावर सही करा. पोलादी ठसा पाणी देऊन कडक केला की त्यातलं अक्षर दुरुस्त होत नाही, नवा ठसा करावा लागतो.

---

बाळीवेस६४

स्मृतिपदक हे पटलं. दोन शंका. शुद्धता ९९९ ठेवावी की ९२५? समितीतल्या एकांचं म्हणणं ९९९ मऊ असते, ओरखडे पडतात. आणि पदक छोट्या सोलापुरी चादरीत गुंडाळून द्यायची कल्पना आहे, ती चालेल का?

---

चकती_ठसा

९२५ खरंच कडक, पण त्यातलं तांबं भट्टीत त्रास देतं. उघड्या हवेत तापवली की पृष्ठभागाखाली जांभळट-करडे डाग बसतात, वरून घासून ते जात नाहीत. दागिन्याला तो कडकपणा हवा असतो, पदक कुणी बोटात घालत नाही. ९९९ घ्या, प्रत्येक पदक लगेच घट्ट बसणाऱ्या कुपीत (पारदर्शक डबीत) बंद करा, ओरखड्याचा प्रश्न संपला. लोकांना विकताना "शुद्ध चांदी" हे शब्दही मग खरे ठरतात.

कुपी अॅक्रिलिकची. मऊ प्लास्टिकच्या पाकिटातून काही महिन्यांत चिकट हिरवट थर धातूवर येतो. रबरबँड, वर्तमानपत्र, फोम, स्वस्त मखमल यांतून गंधक सुटतं आणि चांदी आधी पिवळी, मग निळसर, मग काळी पडते. चादरीची कल्पना गोड आहे, पण गडद रंगांच्या सुती कापडात गंधकी रंग वापरलेला असू शकतो. अशा कापडाला टेकून ठेवलेली चांदी एका पावसाळ्यात काळवंडते. कुपीबंद पदक पेटीत आणि चादर पेटीच्या बाहेर, भेट म्हणून वेगळी. नाहीतर गावाच्या दोन अभिमानाच्या गोष्टी एकमेकींना खराब करतील.

---

लेखाशीर्ष

निविदेचं सांगतो. "प्रति नग दर" मागवलात तर पुरवठादार पुढच्या तीन महिन्यांची तेजी धरूनच आकडा टाकणार. भाव पडला तर महापालिका जास्त देऊन बसेल, चढला तर तो पुरवठा लांबवेल. दर दोन भागांत मागवा:

चांदीचा भाग = पुरवठा आदेशाच्या दिवशीचा इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचा ९९९ चांदीचा दर × २० ग्रॅम
घडणावळ = ठसा, ठोकणी, कुपी, पेटी, वाहतूक, विमा धरून प्रति नग स्थिर रक्कम
दोन्हींच्या बेरजेवर ३ टक्के जीएसटी

स्पर्धा फक्त घडणावळीवर होईल. तो दर कामकाजाच्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी असा दोनदा जाहीर होतो. कोणता धरायचा ते लिहा, आणि सुट्टी आली तर आदल्या कामकाजाच्या दिवसाचा असंही लिहा. हे एक वाक्य राहिलं की बिलावर महिनाभर पत्रव्यवहार. ठशाचा खर्च घडणावळीत असेल तर ठशाची मालकी महापालिकेची आणि काम संपल्यावर तो जमा करायचा, ही अटही हवी. नाहीतर वर्षभरात तेच पदक बाजारात दिसेल.

अंदाजपत्रकात एकच आकडा टाकू नका. समजा, फक्त हिशेबासाठी, किलोचा दर १ लाख धरला. २० किलोला २० लाख. भाव १० टक्के हलला तर दोन लाखांचा फरक, आणि तेवढ्यासाठी सुधारित मान्यता घ्यायला पुन्हा महासभा. म्हणून ठरावात "कमाल इतकी चांदी, कमाल इतकी रक्कम, रक्कम अपुरी पडल्यास नगसंख्या कमी करण्याचा अधिकार आयुक्तांना" असं घाला. महासभा अस्तित्वात नसेल आणि प्रशासक असतील तरी ठराव याच शब्दांत लागतो. करार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या करारांच्या तरतुदींप्रमाणे स्थायी समितीपुढे जाईल, तो टप्पा वेळापत्रकात धरा.

लेखापरीक्षणात हमखास आक्षेप येतो तो फुकट वाटपावर. पाहुण्यांना द्यायची पदकं आणि विकायची पदकं यांची संख्या ठरावातच वेगळी लिहा. नोंदवही ठेवा, प्रत्येक पदकाच्या कडेवर अनुक्रमांक कोरून घ्या.

माल ताब्यात घेताना फक्त यंत्राखाली धरून शुद्धता बघू नका. ते क्ष-किरण यंत्र वरचा पातळ थरच वाचतं, आणि तांबं मिसळलेली चांदी आम्लात धुतली की वरचं तांबं निघून वरचा थर शुद्ध दिसतो. ठोकण्याआधीच्या चकत्यांमधून कोणत्याही पाच-सहा उचला, कापून प्रयोगशाळेत रासायनिक पद्धतीने तपासा. पदकं आल्यावर पाण्यात वजन करून पाहता येतं. २० ग्रॅमचं ९९९ पदक पाण्यात १८.०९ ग्रॅम भरतं, ९२५ चं साधारण १८.०७. फरक दोन शतांशांचा, त्यामुळे सराफाच्या साध्या काट्यावर तो कळणार नाही, हजारांश ग्रॅमचा काटा लागतो. चांदीला हॉलमार्क ऐच्छिक आहे, निविदेत तो मागून घ्या.

---

अर्धा_डॉलर

नगसंख्येबद्दल थोडं. अमेरिकेत उलट परिस्थिती आहे. तिथे शहरांच्या वर्धापनाला खरोखरची नाणी निघालीत, कारण प्रत्येक स्मारक नाण्यासाठी तिथली काँग्रेस (संसद) स्वतंत्र कायदा करते. १९३० च्या दशकात याचा इतका सुकाळ झाला की ९० टक्के चांदीचे अर्ध्या डॉलरचे नाणे गावोगावी निघाले.

न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन या छोट्या शहराला १९३५ मध्ये दीडशे वर्षांसाठी १०,००० नाणी मिळाली, किंमत एक डॉलर. बरीचशी व्यापाऱ्यांनी एकगठ्ठा उचलली, गावकऱ्यांच्या हाती फारशी लागली नाहीत. पुढच्याच वर्षी त्याच राज्यातल्या ऑल्बनीने २५,००० पाडली आणि त्यातली न खपलेली सात हजारांहून जास्त नाणी परत जाऊन वितळली. एकाने कमी काढली, एकाने जास्त. आता तिथे वर्षाला दोनच स्मारक नाण्यांना परवानगी आहे.

सोलापुरात आधी नोंदणी घ्या, अनामत घेऊन. एका नावावर पाच पदकांची मर्यादा घाला. नोंदणी बंद झाल्यावरच पुरवठा आदेश द्या, म्हणजे चांदीचा दर आणि नगसंख्या एकाच दिवशी पक्की होते.

दुसरा मुद्दा मसुद्यातल्या "शहराच्या स्थापना दिनानिमित्त" या शब्दांचा. १ मे १९६४ हा महापालिकेचा दिवस आहे, शहराचा नाही. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, तेव्हाच्या गावाचं नाव सोन्नलगी. "सोळा गावांचं सोलापूर" म्हणणारेही आहेत. पदकावर "शहर स्थापना १९६४" कोरलं तर सिद्धेश्वराचं देऊळ त्याच पदकावर हसत उभं असेल. ऑल्बनीने हे नीट केलं होतं. वस्ती आणि किल्ला त्याआधीचा, पण नाणं काढलं ते १६८६ च्या सनदेला २५० वर्षं झाली म्हणून, कारण सनदेवर तारीख होती. व्हर्जिनियातल्या नॉरफोकने मात्र एकाच नाण्यावर १६३६, १६८२, १७३६, १८४५ आणि १९३६ अशी पाच वर्षं कोरली. नाणं बघितलं की पंचांग उघडल्यासारखं वाटतं.

---

राजपत्र

वरच्याला जोड. अमृत महोत्सवासाठी केंद्राकडे जायचं असेल तेव्हाही स्थापना नेमकी कशाची आणि कधीची, हाच प्रश्न पहिला येईल. महापालिका स्थापनेची अधिसूचना हा बिनतोड पुरावा आहे, तिची प्रमाणित प्रत आत्ताच मिळवून ठेवा.

---

बाळीवेस६४

सगळं धरून मसुदा असा केला:

"सोलापूर महानगरपालिकेच्या स्थापनेस दि. १ मे २०२९ रोजी ६५ वर्षे पूर्ण होत असल्यानिमित्त ९९९ शुद्धतेची, प्रत्येकी २० ग्रॅम वजनाची, ४० मि.मी. व्यासाची, मूल्यांकन नसलेली चांदीची स्मृतिपदके कमाल १,००० नग, आगाऊ नोंदणीनुसार, तयार करून घेण्यास मान्यता देण्यात येत आहे. पैकी कमाल ५० नग मान्यवरांसाठी व उर्वरित विक्रीसाठी. राजचिन्हाचा वापर करण्यात येऊ नये. चांदीचा दर पुरवठा आदेशाच्या दिवशीच्या सकाळच्या जाहीर दराप्रमाणे, सुट्टी असल्यास आदल्या कामकाजाच्या दिवसाच्या दराप्रमाणे, व घडणावळ निविदेप्रमाणे. रक्कम अपुरी पडल्यास नगसंख्या कमी करण्याचे अधिकार मा. आयुक्तांना राहतील."

खर्चाचा कमाल आकडा लेखा विभागाकडून आला की घालतो.

---

लेखाशीर्ष

चालेल. "जाहीर दर" कुणाचा, त्या संघटनेचं नाव लिहा. ठशाची मालकी आणि चकत्यांची रासायनिक तपासणी निविदेच्या अटींत टाका, ठरावात नकोत.

---

राजपत्र

"मूल्यांकन नसलेली" ऐवजी "कोणतेही चलनी मूल्य अंकित नसलेली" करा. मूल्यांकन म्हणजे किंमत ठरवणं, कुणीतरी त्यावरून विक्रीची किंमतच काढून टाकेल. आणि विषयपत्रिकेत अजून "चांदीचे नाणे काढणेबाबत" असंच छापलेलं असेल, ते आधी बदलून घ्या. इतिवृत्तात विषय जसा असतो तसाच उतरतो.